आधी ओरड, मग लाव

४ जानेवारी

मामा,

पोचलो. आईला सांग, खायला मिळतं, झोपायला मिळतं, शिव्या तर मागायच्या आधी मिळतात. फोन गेटवरच्या लोखंडी कपाटात जमा करून घेतले, त्यामुळे आता पत्रच. निबंधात कायम नापास होणाऱ्याला सैन्याने लेखक केलं, बघ. चुका काढायच्या नाहीत. तुझ्याही पुष्कळ असतात.

तुझ्याच पूल-कंपनीत टाकलंय मला. तुझा भाचा म्हटल्यावर स्टोअरवाला म्हातारा उठून उभा राहिला. जेवणघराच्या भिंतीवर तुझा फोटो आहे, मेडल लावलेला. खाली लिहिलंय, पूल कोसळला तेव्हा मोडक्या पायाने पोहून एकाला बाहेर काढलं. फोटोत तुला केस आहेत. आताची परिस्थिती मी कुणाला सांगितली नाही.

पण मामा, तू ज्या सैन्याच्या गोष्टी सांगायचास ते सैन्य गेलं कुठे? इथे महिन्यापूर्वी एक नवा मेजर आलाय. त्याचं नाव सगळ्यांनी 'मोकळे साहेब' ठेवलंय. दर शनिवारी चार वाजता जेवणघरात खुर्च्या गोल मांडायच्या, टोप्या काढायच्या. साहेबही आमच्यासारख्याच डुगडुगत्या खुर्चीवर बसतो आणि म्हणतो, "इथे हुद्दा नाही. मोकळेपणाने बोला. मला माझ्या चुका सांगा." पस्तीस माणसं खाली बुटांकडे बघत बसतात. इतक्या प्रेमाने कुणी बायकोकडे बघितलं नसेल. शेवटी स्वयंपाकी म्हणाला, "साहेब, मिठाच्या डब्याला झाकण नाही." साहेबाने टाळ्या वाजवल्या! "हेच! हेच धाडस हवंय मला!"

बैठक सुटल्यावर हवालदाराने स्वयंपाक्याला सगळ्या डब्यांची झाकणं घासायला बसवलं. "घास," म्हणाला, "धाडस चकचकीत झालं पाहिजे."

मला पिनेवर घेतलंय. लोखंडी चौकटी एकमेकींना जोडायच्या, भोकात हातभर पिन घालून हातोडीने ठोकायची, पिनेच्या शेपटाला एक बोटाएवढी क्लिप अडकवायची, म्हणजे हादऱ्याने पिन सरकत नाही. मग ओरडायचं, "लागली!" हवालदार काठावर घड्याळ धरून उभा असतो आणि आवाज मोजतो. पिनांइतके आवाज झाले की पूल झाला. माझा आवाज मोठा आहे, तेवढीच माझी लायकी.

तुझा भाचा

---

१५ जानेवारी

भाचेसाहेब,

पत्र पोचलं. केसांचं वाक्य सोडून बाकी तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती रडली. मग विचारलं, मिठाच्या डब्याला झाकण मिळालं का?

गोल खुर्च्या! अरे, आमच्या वेळी साहेब बोलायचा, आम्ही ऐकायचो, आणि नदी दोघांचंही ऐकायची नाही. जो साहेब चुका विचारत फिरतो त्याला स्वतःच्या दिसत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. असल्या माणसासमोर तोंड उघडलंस तर आज टाळी आणि उद्या कानाखाली. टाळी साहेब वाजवेल, दुसरं हवालदार. सैन्यात माणसाला दोनच शब्द लागतात, 'जी साहेब' आणि 'लागली'. त्यावर मी अठरा वर्षं काढली आणि भिंतीवर गेलो.

आता कामाचं ऐक. क्लिप लावून मग ओरडणारा कायम मागे पडतो. पिन बसली की ओरडून टाकायचं, पुढच्याचा आवाज येईपर्यंत क्लिप अडकवायची. आधी ओरड, मग लाव. आमची तुकडी बेचाळीस मिनिटांत पूल टाकायची ती अशी. हे कुठल्या पुस्तकात सापडणार नाही.

रविवारी शिवणवाल्या वहिनींकडे नेहमीप्रमाणे भाजी देऊन आलो. शर्ट खांद्यात दाटतो का विचारत होत्या.

मामा

---

९ फेब्रुवारी

मामा,

तुझी युक्ती म्हणजे जादू आहे! पहिल्या दिवशीच आमची बाजू चार मिनिटं आधी झाली. हवालदाराने पहिल्यांदाच मला माझ्या नावाने हाक मारली, एरवी 'ए भोंग्या' म्हणतो. मग कळलं की इथले अर्धे जुने हेच करतात, फक्त एकमेकांना सांगत नाहीत. सगळ्यांना वाटतं, ही अक्कल आपल्यालाच सुचली.

मोकळे साहेब दिवसेंदिवस फुलतोय. आता आमच्या रांगेत उभा राहून ताट घेतो. परवा ताट तिरकं होऊन आमटी स्वतःच्या बुटात ओतून घेतली आणि म्हणतो, "बघा, चुका माझ्याही होतात!" नवीनच माहिती. मागच्या शनिवारी तर कहर केला. तरुण असताना नकाशा उलटा धरून तुकडीला दिवसभर चुकीच्या बाजूला चालवलं आणि दोष नकाशा काढणाऱ्यावर ढकलला, ही गोष्ट स्वतःहून सांगितली. डोळ्यांत पाणी! मला इतकी लाज वाटली की मी छताकडे बघत राहिलो. असली घाण माणूस चारचौघांत काढतो का? त्यावर आमचा ट्रक ड्रायव्हर, पाय खिडकीत ठेवून झोपणारा, तो विरघळला आणि म्हणाला, "साहेब, मला पोहता येत नाही. भरती होताना खोटं सांगितलं होतं." नदीवरच्या कंपनीत! आम्ही खुर्च्यांवरून पडलो हसून. साहेबाने मला विचारलं, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "सगळं छान आहे, साहेब."

पंचवीस तारखेला मोठे जनरल येणार आहेत. खऱ्या नदीवर पूल, वेळ लावून. आणि मोकळे साहेबाने जाहीर केलंय की पहिल्या ट्रकमध्ये तो स्वतः बसणार. हवालदार म्हणाला, "फोटो चांगला येतो तिथून."

शिवणवाल्या मावशीला सांग, शर्ट दाटत नाही. तिचा नवरा ज्या पुलावर ट्रकसकट गेला त्याचा फोटो तुझ्याच फोटोशेजारी आहे. तेवीस वर्षं तू न चुकता तिच्याकडे भाजी नेतोस, हे मी इथे सगळ्यांना सांगतो. असा एक माणूस, आणि एक हा बुटात आमटी घेऊन फिरणारा.

तुझा भाचा

---

१७ फेब्रुवारी

भाच्या,

नदी किती खोल आहे? प्रवाह कसा आहे? ट्रक भरलेला जाणार की रिकामा?

क्लिपा कंबरेच्या पिशवीतच ठेव, खिशात घालू नकोस. काम झाल्यावर पिशवी उलटी करून बघ. मी सांगितलेली युक्ती सरावापुरती होती. खऱ्या पाण्यावर करायची नसते, हे तुला न सांगता कळायला हवं होतं. पण तुझ्याकडून कळण्याची अपेक्षा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

गोलात मात्र बोलू नकोस. त्याने काही होत नाही.

मामा

ता. क. ड्रायव्हरला खिडकीची काच खाली ठेवायला सांग.

---

२४ फेब्रुवारी, शनिवार दुपार

मामा,

तुझं पत्र परवा मिळालं. वाचून हसलो. म्हटलं, मामा म्हातारा झाला, स्वतःच पढवतो आणि स्वतःच खोडतो. आता हसत नाहीये.

आज सकाळी पूल टाकला. एकेचाळीस मिनिटं. तुझ्यापेक्षा एक कमी! हवालदाराने घड्याळाचा मुका घेतला. उद्या नऊ वाजता जनरल येणार आणि पहिला ट्रक जाणार. तोवर दोन्ही टोकांना पहारा, पुलावर कुणी पाय ठेवायचा नाही.

जेवायला बसलो तर मांडीला काहीतरी टोचलं. खिशात हात घातला. क्लिप.

पिशवीतून काढायला वेळ जातो म्हणून मूठभर खिशात घेतल्या होत्या. हो, तू सांगितलं होतंस. माझ्या चौदा पिना होत्या. चौदा वेळा ओरडलो. त्यातली एक उघडी आहे आणि कुठली ते मला आठवत नाही. पिना बाहेरच्या अंगाला, पाण्याच्या बाजूला. काठावरून दिसत नाहीत, दोरीला लटकून बघावं लागतं.

हवालदाराला बाजूला घेऊन सांगितलं. त्याने क्लिप माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटली. "एका क्लिपेने पूल पडत असता तर मी दहा वेळा बुडालो असतो. खिशात ठेव. तोंडही त्याच खिशात ठेव."

खरं सांगू? आधी मनात आलं, पडला तर पडू दे. मोकळे साहेब पाण्याशी मोकळेपणाने बोलेल. एकटाच हसलो. मग आठवलं, ट्रक चालवणार तो पाय खिडकीत ठेवणारा. त्याला पोहता येत नाही, हे त्याने आम्हाला सांगितलंय. आम्हीच हसलो होतो.

सांगावं तर अख्खी कंपनी तोंडघशी पडते, कारण माझी एक निघाली की बाकीच्यांचे खिसे कोण सोडेल? सगळ्यांची सुट्टी जाईल, आणि इथे अजून दोन वर्षं मला याच लोकांबरोबर जेवायचंय. न सांगावं तर उद्या नऊ वाजता मी काठावर उभा राहून मोजत बसणार, पुढची चाकं, मागची चाकं.

हे पत्र तुला पोचेल तेव्हा उद्या होऊन गेलेला असेल. मग तुला विचारतोय कशाला? विचारायची सवय आहे म्हणून. तू असतास तर काय केलं असतंस?

खुर्च्या ओढल्याचा आवाज येतोय. चार वाजायला दहा मिनिटं आहेत.

भाचा

---

१ मार्च

भाच्या,

पत्र आत्ता मिळालं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत उभ्यानेच वाचलं. काय झालं ते आधी कळव. एका ओळीत कळव. तुझ्या आईला पत्र आल्याचं सांगितलेलं नाही.

तू असतास तर काय केलं असतंस, असं विचारलंस. मी होतो. मी काय केलं ते भिंतीवर टांगलंय.

क्लिप माझ्या खिशात होती. पूल झाल्यावर हाताला लागली. ट्रक तोवर काठावर येऊन उभा होता आणि ड्रायव्हरने मला हात केला. मी पण हात केला. एवढंच बोलणं झालं आमचं. त्याच्या मागे दोघं बसले होते. पूल कोसळल्यावर पाण्यात एक हाताला लागला, त्याला ओढून काढलं, त्यात चौकट पायावर आली. दुसरा आणि ड्रायव्हर दोन दिवसांनी खाली बंधाऱ्याजवळ सापडले.

चौकशीला तीन साहेब बसले होते. त्यांनी विचारलं, "सगळ्या पिना लागल्या होत्या का?" मी म्हटलं, "लागल्या होत्या, साहेब." मोठ्याने म्हटलं. आवाज तुझ्यासारखाच होता माझा. त्यांनी लिहून घेतलं आणि लोखंड जुनं होतं असं ठरवलं. चार महिन्यांनी मेडल आलं.

क्लिप मेडलच्याच डबीत ठेवली आहे, मेडलखाली.

तो ड्रायव्हर म्हणजे वहिनींचा नवरा. त्यांना या गल्लीत खोली मी बघून दिली. भाजी नेतो. त्या दर वेळी म्हणतात, "तुम्ही होतात म्हणून एक तरी वाचला." मी पिशवी ठेवतो आणि निघतो. लोक म्हणतात मन मोठं आहे. तुला मोकळे साहेबाची लाज वाटली, त्याने आपली घाण चारचौघांत काढली म्हणून. मी तेवीस वर्षं भाजीखाली झाकली.

उलट टपाली कळव. एक ओळ.

मामा

---

१२ मार्च

मामा,

एक ओळ: कुणी बुडालं नाही.

बाकीचं सांगतो, कारण दहा दिवस रॉकेलने पिना घासायची शिक्षा आजच संपली आणि हात रिकामे आहेत.

चार वाजता सगळे बसले. साहेब म्हणाला, उद्याचा मोठा दिवस, कुणाच्या मनात काही? बूट बघणं सुरू झालं. मी उभा राहिलो आणि क्लिप पुढे धरली. "साहेब, ही पुलावर असायला हवी होती. मी आधी ओरडतो, मग लावतो. ही लावलीच नाही."

टाळ्या नाहीत. चेहरा असा झाला जसा मी त्याच्या ताटात थुंकलो. "आत्ता सांगतोस? गाढवा, आत्ता?" इथे हुद्दा नाही म्हणे! खुर्चीखाली दडून बसला होता, तो एका उडीत बाहेर आला. पाच मिनिटं माझा उद्धार केला. हवालदार इतका खूश, की मला वाटलं आता तोच टाळ्या वाजवतो.

मग साहेब दमून बसला. कपाळाला हात लावून विचारलं, "अजून कोण कोण आधी ओरडतं?" कुणी नाही. सगळे संत. तेव्हा त्याने आपली टोपी उलटी करून मधोमध जमिनीवर ठेवली, आणि जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, शाळेत आपल्याला करायचे तसा. म्हणाला, "मी बघत नाही. खिशात असेल ते टाका." नाक नेमकं तुझ्या फोटोला टेकलेलं. मामा, तीन महिने हा माणूस आम्हाला तोंड दाखवून बोला बोला म्हणत होता तेव्हा मिठाच्या झाकणापलीकडे काही निघालं नाही. पाठ फिरवली आणि टोपीत टण् करून पडलं. मग दुसरं. तो वळला तेव्हा माझी धरून सात होत्या.

उजेड होता तोवर दोऱ्या बांधून उतरलो. नऊ पिना बिनक्लिपच्या. दोन क्लिपा नदीच्या पोटात गेल्या असणार. माझी सातवी पिन नुसत्या फळ्या टाकण्याच्या हादऱ्याने दोन बोटं बाहेर आली होती. हवालदाराने ती बघितली. हातोडी मागितली आणि स्वतः ठोकली.

साहेब म्हणाला, माझा आता कशावरच विश्वास नाही, सकाळी सगळा उतरवा आणि पुन्हा टाका. जनरल आले तेव्हा अर्धा पूल हवेत होता. आम्हाला वाटलं, नदीला पाणी वाढलं वगैरे सांगेल. त्याने सॅल्यूट ठोकला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, माझी माणसं खोटं ओरडत होती आणि मी तीन महिने खुर्च्या मांडत बसलो होतो. पूल बारा वाजता होईल." जनरलनी घड्याळ बघितलं, गाडीत बसले आणि गेले. चहासुद्धा घेतला नाही.

बारा वाजता झाला. साहेब ट्रकमध्ये चढला आणि मला खूण केली. "चल, तुझ्या चौदा पिनांवरून जाऊ." मी मध्ये, एका बाजूला ड्रायव्हर, एका बाजूला तो. त्याने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता. काच खाली होती. पलीकडच्या काठावर उतरला आणि झुडपामागे जाऊन उलटी करून आला. नंतर मला म्हणाला, "हे शनिवारी सांगीन मी." मी म्हटलं, साहेब, नका सांगू.

त्याची बदली झाली, कुठल्याशा गोदामावर, ताडपत्र्या मोजायला. खुर्च्या पुन्हा सरळ रांगेत. माझ्याशी चौघेच बोलतात, त्यात एक तो ड्रायव्हर, आणि तो फार बोलतो. आमच्या बाजूला आता पुलाला एकसष्ट मिनिटं लागतात. बाकीचे आम्हाला गोगलगायी म्हणतात. हवालदार अजून आवाजच मोजतो, पण मोजून झाल्यावर, कुणी बघत नाही असं वाटलं की, पुलावर पालथा पडून बाहेरच्या अंगाला डोकावतो.

साहेब हास्यास्पदच होता. अजून म्हणतो. पण मी जेवढं थुंकलो तेवढं सगळं त्याच्यावर थुंकलो, आणि रोज जेवताना तुझ्या फोटोकडे बघून छाती फुगवली.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला कशाला सांगितलंस? मी ट्रकमध्ये नव्हतो. तू मला पत्रात सांगितलंस, म्हणजे कोपऱ्यात हवालदाराच्या कानात सांगितल्यासारखंच. मीही आधी तेच केलं होतं. त्याने मूठ मिटून परत दिली. मीही परत देतोय.

मावशी तुझ्या घरापासून सहा दारं सोडून राहते. ते झाल्याशिवाय मला पत्र लिहू नकोस.

भाचा

---

२४ मार्च, रविवार

भाच्या,

गेलो होतो. भाजीची पिशवी दाराशी ठेवली, डबी मशीनवर ठेवली आणि सांगितलं. बसा म्हणाल्या नाहीत, मग उभ्यानेच सांगितलं. आवाज बारीक झाला होता, दोन वाक्यं पुन्हा सांगावी लागली.

त्यांनी मशीन थांबवलं नाही. हातातली बाही पुरती शिवली, दोरा दाताने तोडला. मग डबी उघडली. विचारलं, "यातली क्लिप कुठली?" मी दाखवली. बोटावर धरून बघितली, उजेडात नेऊन बघितली. म्हणाल्या, "एवढीशी?"

मी हो म्हटलं.

मग म्हणाल्या, "भाजी उचला. पुन्हा आणू नका."

भाजी घेऊन आलो. मेडल परत दिलं त्यांनी. क्लिप ठेवून घेतली.

मामा